टॉवेलाखालचा सौदा

माझे आठ यंत्रमाग दुसऱ्याच्या शेडमधून परस्पर भंगारात गेले आणि पोलिसांच्या लेखी त्यात गुन्हाच घडलेला नाही. हे मी अजून मान्य केलेले नाही, करणारही नाही. पण माझ्या मान्य न करण्याने कोणाचे काही अडत नाही, हेही आता कळून चुकले आहे.

वडील मेंढरांचे दलाल होते. त्यांच्या मागे फिरत मैंदर्गीपासून अकलूजपर्यंतचे बाजार पाहिले. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा आणि आतल्या आत बोटे दाबून आकडा ठरवायचा. भोवतीच्या माणसांना आकडा कळत नाही. पण टॉवेल पडला आणि हसतमुखाने उचलला गेला, की जनावर विकले गेले एवढे सगळ्यांना कळते.

सोलापुरात आल्यावर मी माग दुरुस्त करणाऱ्याच्या हाताखाली राबलो. बंद पडलेल्या कारखान्यांतून मोडके माग घेतले, स्वतः जोडले, काही विकले, काही ठेवले. घासाघिशीत मला कोणी हरवल्याचे आठवत नाही. जुन्या मागांच्या धंद्यात ही टॉवेलाची रीत मीच आणली. आधी व्यापारी हसले, मग तेही खांद्यावर टॉवेल टाकून येऊ लागले.

गेल्या वर्षी माझ्या मणक्याचे ऑपरेशन झाले. डॉक्टरांनी शेडमध्ये पाऊल टाकायला मनाई केली. शेड भाड्याची होती, ती सोडावी लागली. तेव्हा ओळखीचा एक वयस्कर कारखानदार, ज्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो, चहाच्या टपरीमागे मला बाजूला घेऊन म्हणाला, "माझ्याकडं जागा पडून हाय. तुझे माग मी चालवतो, भाडं देतो. बरा झालास की घेऊन जा."

हे आम्हा दोघांतच झाले. टपरीवर परत आलो तर तिथे चारजण बसलेले, सगळे आमच्याच धंद्यातले. भाडे किती हे त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी सवयीने टॉवेल काढला. मामाने हात आत घातला. मी बोटे धरली, त्याने दोन मिटवली, मी एक परत उघडले. जमले. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि सगळ्यांना चहा सांगितला. त्याच आठवड्यात माग मामाच्या शेडमध्ये गेले; भाडे मी बरा झाल्यावर एकदम घ्यायचे होते.

काठी टेकत चालता येऊ लागल्यावर मामाच्या शेडवर गेलो. शेड रिकामी. फरशीवर तेलाचे डाग तेवढे होते.

"माग कुठं हायत, मामा?"

"विकलेल्या मालाची चौकशी कशाला करतोस?"

"विकले? कुणी?"

"तूच की! चारचौघांत टॉवेल टाकलास. पैसे राहिलेत, ते देईन की. पळून चाललोय का मी?"

मी काठी उगारली. त्याच्या मुलाने ती धरली म्हणून तेवढ्यावर भागले.

पोलीस ठाण्यात फौजदार वयाने माझ्या मुलाएवढा होता. त्याने शांतपणे ऐकून घेतले.

"माग तुम्हीच स्वतः दिले ना? मग चोरी नाही."

"चोरी नको म्हणू. विश्वासघात म्हण, अपहार म्हण. विश्वासानं ठेवायला दिलेलं विकून टाकलंय त्यानं."

"ठेवायला दिले याचा पुरावा?"

मी टपरीवाल्याचे नाव सांगितले. सरळ माणूस, कधी कोणाच्या अध्यातमध्यात नाही. तो आला आणि जे पाहिले ते सांगितले. "टॉवेल पडलेला बघितला साहेब. नंतर शेटनी सगळ्यांना चहा पाजला. आणि सौदा झाल्याबिगर शेट कुणाला पाणीबी पाजत न्हाईत."

ठाण्यातले सगळे हसले. बाकीच्या चौघांचे जबाबही तसेच. एकही माणूस खोटे बोलला नव्हता. मी टेबलावर हात आपटला. फौजदार म्हणाला, "ओरडून उपयोग नाही, काका. विक्री झाली आणि पैसे यायचेत, म्हणजे प्रकरण दिवाणी. कोर्टात जा."

वकिलाने खासगी फिर्याद तयार केली. "पण माग तुम्ही सोपवले होते, विकले नव्हते, हे दाखवायचं कशाच्या जोरावर?"

"मी सांगतोय ना."

"तोही सांगतोय. आणि त्याच्या बाजूनं तुमचीच रीत बोलतेय."

मधल्या काळात शोधत शोधत मी शहराबाहेरच्या एका भंगाराच्या आवारात पोचलो. चार माग कापून झाले होते, चार अजून उभे होते. एकाच्या चौकटीवर मी केलेले वेल्डिंग लांबूनच ओळखू आले. तिथूनच फौजदाराला फोन लावला, म्हटले ये आणि जप्त कर.

"गुन्हाच दाखल नाही, जप्ती कशाची करू? आणि ऐका, तुम्ही काही उचलून आणू नका. भंगारवाल्यानं पावतीवर घेतलेत. उचललेत तर चोरी तुमच्यावर लागेल, आणि ती मात्र मला नोंदवावीच लागेल."

वकिलाला फोन केला. कापण्याला मनाई मागता येईल, पण कोर्टाला सुट्टी, सुट्टीनंतर अर्ज ठेवू म्हणाला.

भंगारवाला वाईट माणूस नव्हता. खुर्ची दिली. "मेरेकू क्या मालूम सेठ किसका माल है? होना तो लोहे के भाव में ले जाव." आणि त्याने भाव सांगितला. माझ्याच मागांचा भाव, मला. आजवर कोणी आकडा सांगितला आणि माझ्या तोंडून त्याच्या निम्मा निघाला नाही, असे झाले नव्हते. शिवाय विकत घेतले तर ते माझे नव्हते हे मीच कबूल केल्यासारखे होईल, असे वकिलाने बजावले होते. या वेळी मी भाव केला नाही.

भंगारवाल्याने कामगाराला खूण केली. गॅस कटर पेटला. निळी ज्योत चौकटीला लागली, लोखंड लाल झाले.

"सेठ, खुर्ची पीछे लेव," कामगार म्हणाला, "कपडे जलते."

मी खुर्ची मागे घेतली.