रस्त्यापलीकडचं माहेर

सोलापूर रस्त्याच्या या अंगाला माझं घर आणि त्या अंगाला माझ्या थोरल्या बहिणीचं. मधे फक्त रस्ता. आक्काचं लग्न ठरत होतं तेव्हा भावकीतल्या लोकांनी वडलांना विचारलं होतं, "एवढी लाडाची पोर, मग लांबचं चांगलं बागाईतदाराचं घर का बघत नाही?" वडील म्हणाले, "हाक मारली तर ऐकू गेली पाहिजे, एवढ्या अंतरावरच पोर द्यायची." आणि दिली. त्या काळी हाक खरोखर ऐकू जायची. मी मारलेली आहे. आमच्या बाजूच्या लिंबाखाली उभं राहायचं, तोंडाला दोन्ही हात लावायचे आणि "आक्काऽऽ" म्हणून ओरडायचं. मग पलीकडच्या उसातून ती कपाळावर हात धरून बाहेर यायची आणि तिकडून विचारायची, "काय रंऽऽ?"

आता त्याच जागी उभं राहून शेजारच्या माणसाशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं.

मी तिसरीपर्यंतच शाळेत गेलो. रस्त्यावर मात्र रोज गेलो, त्यामुळं या रस्त्याचं मला कुणी शिकवू नये. आम्ही त्याला नुसती सडक म्हणायचो. दोन बैलगाड्या समोरासमोर आल्या की एकीचं चाक मातीत उतरायचं, एवढीच तिची रुंदी. दोन्ही कडांना वड. वडील भाजीची गाडी जुंपून मंडईला निघाले की मला गोण्यांवर बसवायचे. हडपसरला गाडीतळावर बैल सोडून त्यांना पाणी दाखवायचे. त्या जागेला गाडीतळ म्हणतात ते त्या बैलगाड्यांमुळं. आज तिथं बस बदलणाऱ्यांना वाटतं मोटारींमुळं. गाडीतळाच्या पुढं शेतं होती, मग रामटेकडी, मग भैरोबा नाला, मग घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, मग पुलगेट. तिथून पुढं शहर. परत आलो की मी आक्काला सगळं सांगायचो. काय पाहिलं ते, आणि थोडं न पाहिलेलंही. तिला गाडीवर बसवून कधी नेलं नाही. पोरीबाळींना मंडईत काय काम, असा तो काळ होता.

मग सडकेवर डांबर आलं. वड गेले. एकाचे दोन रस्ते झाले आणि मधे दुभाजक आला. काही वर्षं बसला वेगळी वाट काढून दिली होती, तीही पुढं उखडली. पूल आले. रस्ता जेव्हा जेव्हा पुढं सरकला तेव्हा तेव्हा आमचं अंगण मागं सरकलं. मी रडत बसलो नाही. रस्त्यानं आमची जमीन खाल्ली हे खरं, पण पोरांना खायलाही त्यानंच घातलं. माझी नात खराडीच्या कंपनीत काम करते आणि संध्याकाळी जेवायला घरी असते, ते काही उसाच्या पाटावरून चालत जाऊन होत नाही.

तर गोष्ट आक्काची. आमच्याकडं नागपंचमीला लेक आपण होऊन माहेरी येत नाही. भावानं तिला आणायला जायचं. त्या भावाला मुराळी म्हणतात. आदल्या दिवशी बहीण भावाचा उपास धरते. आक्काचा नेम त्याहून कडक. पंचमीला माहेरच्या वारुळाला लाह्या वाहिल्याशिवाय ती तोंडात घास घालत नाही. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला तिच्या सासूनंच विचारलं होतं, "समोर तर घर दिसतंय. मुराळी कशाला पाहिजे?" आक्का म्हणाली, "दिसतंय म्हणून काय झालं? मधे सडक हाय."

तेव्हापासून मी जातो. धुतलेली टोपी, पिशवीत नारळ. चालत जायचं आणि तिला चालत आणायचं. मुलानं किती वेळा सांगितलं, बाबा, गाडी घेऊन जा. मी म्हणालो, समोरच्या घरी जायला गाडी लागायला लागली की माणसानं निजूनच राहावं. मागच्या वर्षी मात्र दुभाजकाच्या फटीत आम्ही दोघं इतका वेळ अडकलो की एका डंपरवाल्यानं आडवी गाडी घालून मागचे थांबवले आणि आम्हाला जाऊ दिलं. मागून सगळे त्याला शिव्या घालत होते. भला माणूस.

यंदा ती फट गेली. दुभाजकावर लोखंडी जाळी बसली. थोडं पुढं पादचारी पूल आहे, पण त्याच्या पायऱ्या आक्काच्या गुडघ्यांना विचारून बांधलेल्या नाहीत.

पंचमीच्या आदल्या दिवशी आक्काच्या सुनेचा फोन आला. "मामा, आई म्हणतात यंदा येणार नाही. उपास मात्र धरलाय."

"फोन दे तिच्याकडं."

आक्का आली. मी म्हणालो, "गाडी घेऊन येतो." हे शब्द तोंडातून काढताना मला काय झालं ते माझं मला ठाऊक.

"गाडीतनं माहेरी येतात त्या पाहुण्या," आक्का म्हणाली. "चहा प्यायचा, हॉर्न वाजला की उठायचं. मला न्हाय तसलं माहेर पायजे."

"मग उपास कशाला धरलास?"

"तो तुझ्यासाठी हाय. तुझं आयुष्य आणि माझं माहेर, दोन्हीची गाठ नको घालू." आणि फोन ठेवला.

आम्ही पाच भावंडं. आता ती आणि मी. ती आली नाही तर घरात पुरणाची दिंडं होतील, झोका बांधला जाईल, पोरी खेळतील. पण आई-वडलांना नावानं ओळखणारं माझ्याशिवाय कुणी नसेल. सकाळी नातीला म्हणालो, "गाडी काढ."

तिचं त्या दिवशी घरूनच काम होतं. "आबा, साडेअकराला माझा कॉल आहे. त्याच्या आत आत्याआजींना आणू," ती म्हणाली.

लांबून वळसा घालून आम्ही पलीकडं गेलो. गाडी मी मुद्दाम रस्त्यावरच थांबवायला लावली आणि गल्लीतून चालत गेलो. आक्का ओट्यावर बसली होती. हिरवं लुगडं नेसलेली. न येणाऱ्या बाईची पिशवी भरून पायाशी ठेवलेली होती.

"मुराळी चालत आला का?" तिनं विचारलं.

"बघ की. पायात धूळ हाय."

"आणि तिकडं?"

"तिकडंही गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबवायची. दारापर्यंत चालत. माझा शब्द."

तिनं नातीकडं पाहिलं. "हॉर्न वाजवायचा न्हाय."

"आत्याआजी, प्रॉमिस," नात म्हणाली. आक्का उठली. गाडीत बसायला तिला आमच्या मांजरी गावाहून आळंदीला जाण्याइतका वेळ लागला, पण बसली.

आता तिच्या घरून आमच्याकडं यायचं म्हणजे आधी शहराच्या दिशेनं जायचं, वळायला जागा मिळाली की वळायचं आणि परत यायचं. नात म्हणाली, "मॅप सांगतोय डावी लेन धरा, पुलाच्या खालून यू टर्न आहे."

"मॅप कालचा पोरगा. डेअरीसमोर वळायला वाट आहे. उजवीकडं घे."

"आबा, नक्की?"

"मी या रस्त्यावर बैल हाकलेत."

तिनं उजवीकडं घेतली. थोड्या वेळानं म्हणाली, "डेअरी कुठाय?"

डेअरी नव्हती. तिच्या जागी काचेची उंच इमारत उभी होती आणि वळायच्या जागी सिमेंटचे ठोकळे. पण बसथांब्याचं नाव अजूनही डेअरीच आहे, त्यामुळं माझी चूक आहे असं मी मानत नाही. उजवी लेन धरल्यामुळं गाडी सरळ उड्डाणपुलावर चढली.

"आता?" आक्कानं विचारलं.

"आता पूल उतरेपर्यंत माहेर मागे मागे," नात म्हणाली.

आक्का चिडणार, परत फिरवा म्हणणार, उपाशी आहे म्हणणार, याची वाट पाहत होतो. ती काचेला नाक लावून खाली बघत होती.

"हे खाली काय हाय रं?"

"गाडीतळ."

"बा बैल सोडायचा ते?"

"तेच. तिकडं त्या रिक्षा दिसतात ना, तिथं पाण्याचा हौद होता."

"आणि भजी?"

"काय भजी?"

"बानं तुला भज्याचा पुडा घेऊन दिला आणि तू माझ्यासाठी चार ठेवली होतीस. कागदच जास्त होता." तिला आठवत होतं. मला नव्हतं आठवत.

पूल उतरला. वळायला जागा दिसली. नातीनं सिग्नल दिला. टिकटिक वाजायला लागली तशी आक्का म्हणाली, "थांब गं. वळू नको."

"का? काय झालं?"

"पुलगेट अजून किती लांब हाय?"

मी तिच्याकडं वळून पाहिलं. "पुलगेटला काय आहे?"

"मला काय माहीत काय हाय? तू सांगितलं तेवढंच माहीत." मग हळूच म्हणाली, "जन्मभर मी हा रस्ता आडवाच पाहिला. या कडंनं त्या कडंला. उभा कधी पाहिलाच न्हाय. बसमध्ये गेले तर लोकांच्या पिशव्या दिसल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा मीच आडवी होते."

नात म्हणाली, "पण आत्याआजी, तुमचा उपास? आणि माझा कॉल?"

"उपास माझा हाय, मी बघते. कॉल तुझा हाय, तू बघ."

नात हसायला लागली. कडेला गाडी घेऊन तिनं कुणाला तरी मेसेज टाकला. "शिफ्ट केला. फॅमिली इमर्जन्सी म्हटलं."

"म्हणजे काय?" आक्का म्हणाली.

"म्हणजे तुम्ही."

मग मी सांगत गेलो आणि ती बघत गेली. या काचेच्या इमारती आहेत तिथं ज्वारी होती. ही रामटेकडी, इथं चढाला बैल दमायचे आणि वडील खाली उतरून चाकाला खांदा द्यायचे. आक्कानं तो चढ बघितला. नातीनं गियरसुद्धा बदलला नाही. "एवढाच?" आक्का म्हणाली. मला राग आला. बैलाला विचार म्हणावं.

भैरोबा नाला आला. नाला म्हणण्यासारखं आता तिथं फारसं काही नाही, नाव आहे. मग डाव्या हाताला मैदान सुरू झालं तशी ती सरसावून बसली.

"हितं घोडे गूळ खातात म्हणायचास."

"खात असतील."

"हिऱ्याचे लगाम म्हणायचास."

"ते जरा वाढवलेलं होतं."

"खोटारडा मेला." पण तेवढ्यात कुंपणाच्या पलीकडं एक तांबूस घोडा दिसला. पाठीवर टोपीवाला माणूस. सावकाश चालला होता. आक्कानं माझा दंड घट्ट धरला. "खरंच हाय की रं!" मी खोटारडा असल्याचं ती विसरली असावी, कारण घोडा दिसेनासा होईपर्यंत तिनं दंड सोडला नाही.

पुलगेटला वळताना नातीनं गाडी हळू केली. आक्का काच खाली करून सगळीकडं बघत होती. चौकातला पोलीस आला.

"काय मावशी, बघायला थांबलात का?"

"व्हय दादा. पहिल्यांदाच आलेय."

"मग बघा. पण चालत्या गाडीतून बघा."

"शहाणा हाय," आक्का मला म्हणाली, आणि नातीनं गाडी पुढं घेतली. परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही. उपासानं गळून गेली असेल म्हणून मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाली, "गप की. मी मंडईतनं परत यायला लागलेय."

गल्लीच्या तोंडाशी नातीनं गाडी थांबवली. हॉर्न वाजवला नाही. आक्कानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, पिशवी मी घेतली. माझ्याकडच्या खोल्यांत यवतमाळकडची एक सासुरवाशीण भाड्यानं राहते. ती दारात लाह्या निवडत होती. आम्हाला बघून उठली. "आजी, कुठून आल्या जी?"

आक्का थांबली. मागं वळून रस्त्यापलीकडं बोट केलं. जाळीच्या वरून तिच्या घराची टाकी दिसत होती.

"तिथनं. पुलगेटवरनं."

ती पोर बघतच राहिली. मग तिनंच पुढं होऊन आक्काचा दुसरा हात धरला, आणि आक्कानं तो धरू दिला. त्या पोरीला यंदा मुराळी आलेला नव्हता, एवढ्या लांबून कोण येणार. दारापर्यंत तिघं चालत आलो.

वारूळ आता सोसायटीच्या भिंतीला चिकटून आहे. तिथं आक्कानं लाह्या वाहिल्या, त्या पोरीलाही वाहायला लावल्या, आणि दिंडाचा पहिला घास घेतला. माझ्या सूनबाईंनी तूप वाढलं. आक्कानं ताट पुसून खाल्लं. मग हात धुऊन झोक्यावर बसली, हलका झोका घेतला आणि मला म्हणाली, "पुढच्या पंचमीला लवकर ये. त्या अंगाला काय हाय ते बघायचं राहिलंय."

"त्या अंगाला रस्ता थेट सोलापूरपर्यंत जातो," मी म्हणालो.

तिनं पायानं झोका थांबवला.

"मग उपास गाडीतच सोडावा लागंल," ती म्हणाली, आणि नातीला बोलावून पुढच्या वर्षीची रजा आत्ताच टाक म्हणून सांगितलं.