अवस-पुनवेची साखर

थोआआजींच्या मते साखर दोन जातींची असते. एक दुकानातली, ती बाधते. दुसरी नैवेद्याची, ती अंगाला लागत नाही, कारण तिच्यातलं सत्त्व त्यांचे यजमान तानआजोबा आधीच खाऊन गेलेले असतात. तानआजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली, पण नैवेद्याच्या बाबतीत ते अगदी वक्तशीर. सॅन होजेच्या कारखान्यात बावीस वर्षं बारीक तारांचं सोल्डरिंग केलेल्या बाईला तिची चूक दाखवायची, तर डोळे तितकेच तीक्ष्ण हवेत.

मधुमेह निघाला तेव्हा पहिल्या आहारवाल्या बाईंनी एक छापील कागद दिला होता: ओट्स, उकडलेली कोंबडी, काकडी. आजींनी त्या कागदावर मासे साफ केले.

मग वस्तीतल्या दवाखान्याकडून क्वेन घरी येऊ लागली. आपल्यातलीच, व्हिएतनामी, तिशीतली. आल्या आल्या तिनं न विचारता पातेल्याचं झाकण उचललं, माशाचा वास घेतला आणि म्हणाली, "आजी, साखर करपवून घालता ना? किती चमचे?" आजींना पोरगी तिथंच आवडली. मासे राहिले, साखर एका चमच्यावर आली. भाताचा वाडगा लहान झाला आणि त्याच्याआधी कारल्याचं सार आलं. दोन महिन्यांत बोट टोचून येणारे आकडे सुतासारखे सरळ झाले. फक्त दर पंधरा दिवसांनी एकदा आकडा ताडकन दुप्पट व्हायचा. डॉक्टरांनी गोळ्या बदलून पाहिल्या, उपयोग शून्य. आता इंजेक्शन सुरू करू म्हणाले.

क्वेननं आजींची आकड्यांची वही भिंतीवरच्या कॅलेंडरजवळ नेली. त्या कॅलेंडरच्या रोज फाडायच्या पानांवर चंद्राची तिथीही छापलेली असते.

"आजी, तुमची साखर चंद्र बघून चढते."

"वय झालं गं. समुद्राला भरती येते, मला नको यायला?"

त्या दिवशी पौर्णिमाच होती. आजोबांच्या फोटोपुढे उदबत्ती जळत होती आणि नारळाच्या दुधातल्या मुगाच्या खिरीच्या तीन वाट्या होत्या.

"उदबत्ती विझल्यावर हे कोण खातं?"

आजी टेबल पुसू लागल्या. टेबल स्वच्छच होतं.

"प्रसाद टाकू होय?"

"तिन्ही वाट्या?"

"लहान आहेत गं."

त्या वाटीत एखादं तान्हं पोर आंघोळ करून निघालं असतं.

क्वेन हसली, पण आजी हसल्या नाहीत. "महिन्यातून दोनदाच जेवते मी त्यांच्याबरोबर. तेही बंद करू? साखरेनं लवकर नेलं तर नेऊ दे. तिकडे एकटे वाट बघत असतील."

यावर कुठल्या कागदात काय लिहिलेलं असणार? क्वेननं वही मिटली. ती म्हणाली, "मग त्यांनाच विचारू या."

पितरांचा कौल घ्यायला बशी आली, दोन जुनी नाणी आली. एक छापा, एक काटा पडला तर होकार. दोन्ही सारखी पडली तर नकार. विचारायचं तीनदाच.

"अहो, खिरीत साखर निम्मी घालू का?" दोन्ही छापे.

"बघ," आजी खूश झाल्या. "कॉफीत चार चमचे गोड आटवलेलं दूध लागायचं या माणसाला."

"आता तुमच्या वाट्याचं विचारा," क्वेन म्हणाली.

"अहो, तुम्ही पोटभर खा. मी दोनच घास घेईन, उरलेलं शेजारणींना वाटेन. चालेल?"

एक छापा, एक काटा. क्वेननं सुटकेचा श्वास सोडला आणि वहीत लिहायला घेतलं.

"एक उरलंय अजून," म्हणत आजींनी तिच्याकडे पाठ केली. आवाज अगदी खाली आणला, पण खोली ती केवढीशी. "अहो, मी लवकर यावं असं वाटतं का तुम्हाला?"

दोन्ही काटे.

आजी बशीकडे बघत राहिल्या आणि मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. "बघ गं या माणसाला. नऊ वर्षं मी इथं जीव टांगणीला लावून बसलेय, आणि याला मेली घाईच नाही."

उदबत्ती विझली. आजींनी एक वाटी क्वेनपुढे सरकवली, दोन शेजारी पाठवायला झाकल्या आणि चमचा घेऊन फोटोसमोर बसल्या. क्वेनच्या वाटीतले आपले दोन घास त्यांनी अर्धा तास पुरवले.