तलवारीचा गेट पास

तुमची आई ही गोष्ट सांगते तेव्हा फार लहान करून सांगते. आजीने गेम खेळून पाहिला, आजीला आवडला, आजी हो म्हणाली, संपलं. तसं झालं नव्हतं. ज्या कागदावर मी सही केली नाही, तो माझ्या सहीने मंजूर झाला असं कोणी म्हटलेलं मला चालत नाही. म्हणून लिहून ठेवते. थोरल्या, यापुढे 'तू' म्हणजे तू. धाकटी नंतर येते.

मी नोकरीची सगळी वर्षं चिंचवडच्या एका कंपनीत खरेदी विभागात काढली, हे तुम्हाला माहीत आहे. शिक्षण इंग्रजीतून झालेलं, कंपनीतला कागदही इंग्रजीत, आणि खरेदीआधी कागद करायची ती सवय घरातही आली. फ्रिज, स्कूटर, तुमच्या आईची पहिली सायकल, प्रत्येक मोठ्या वस्तूवर माझी एक पानाची नोट असायची. वस्तू कशाला हवी, नमुना पाहिला का, घेतल्यावर काय काय होईल. तुमचे आजोबा म्हणायचे, "लग्नाआधी माझ्यावरही नोट लिहिली असशील." लिहिली नव्हती. तेव्हा घाई झाली होती.

मागच्या वर्षी तू आईच्या मागे एक व्हिडिओ गेम मागत फिरत होतास. ती कंटाळून म्हणाली, आजी हो म्हणाली तर घेऊ. मग तिने मला वेगळा फोन केला. "आई, तू सरळ नाही म्हण. तू नाही म्हटलंस की तो वाद घालत नाही."

"वस्तू बघितल्याशिवाय नाही म्हणायचं?" मी विचारलं.

"तू बघणार आहेस?" ती म्हणाली, आणि तिने कपाळाला हात मारलेला मला फोनवरही ऐकू आला.

त्या रविवारी संध्याकाळी नेहमीच्या वेळेला व्हिडिओ फोन लागला. तुमच्याकडे परदेशात तेव्हा सकाळ, समोर दूध आणि कॉर्नफ्लेक्स. त्या दिवसांत तू माझ्याशी तीन शब्दांत बोलायचास. हो, ठीक, जेवलो. पण गेमचं विचारल्यावर सरळ बसलास.

"आजी, तो ओपन वर्ल्ड आहे. म्हणजे कुठेपण जाता येतं. रस्त्यानेच जायला पाहिजे असं नाही."

"आणि करायचं काय असतं?"

"ते तू ठरवायचं. लढायचं तर लढ. नाहीतर नुसतं फिर. कोणी थांबवत नाही."

"संपायला किती वेळ लागतो?"

खोटं बोलणं तुला जमत नाही, हे मला आवडतं. "शंभर तास," म्हणालास. "सगळं केलं तर जास्त."

फोन ठेवल्यावर मी आधी तो हिशोब केला. आपला फोन आठवड्याला एक तास. म्हणजे शंभर तास म्हणजे आपले दोन वर्षांचे रविवार. तू तेरा वर्षांचा होतास. दोन वर्षांनी पंधराचा झाला असतास, आणि पंधराव्या वर्षी मुलं आजीशी किती शब्दांत बोलतात ते मला ठाऊक आहे.

तरी नमुना पाहायचा तर पाहायचाच. आमच्या कासारवाडीच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक बीडकडची सून राहते. चाकणला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत तपासणीच्या कामावर आहे. आपल्या भागात बऱ्याच कंपन्यांना सुट्टी गुरुवारी असते, तशी तिलाही. नवरा दुकानात गेला की ती टीव्हीला गेमचं यंत्र जोडते, हे मला जिन्यातून ऐकू यायचं. तुझा गेम तिच्याकडे होता. गुरुवारी दुपारी मी थालीपीठं घेऊन खाली गेले.

"या काकू, बसा," ती म्हणाली. "आधी चहा, मग मारामारी."

पहिली वीस मिनिटं मी आकाश आणि जमीन यांच्या मधलं काही पाहू शकले नाही. हातातल्या त्या कंट्रोलरवर एका अंगठ्याने पडद्यावरच्या आपल्या माणसाला चालवायचं आणि दुसऱ्याने बघायचं, आणि माझे दोन्ही अंगठे एकाच विचाराचे. शेवटी माझा माणूस एका झोपडीच्या दारात पोचला आणि बुटांसकट आत गेला.

"बूट काढत नाही का हा?"

"काकू, त्याचे बूट पायालाच चिकटलेले असतेत," ती म्हणाली. "चला पुढं."

आत टेबलावर पाव होता, कोपऱ्यात पेटी, भिंतीला टेकवलेली तलवार. मी सगळं नीट पाहिलं आणि बाहेर पडायला वळले.

"काय करायलात? तलवार घ्या की!"

"कोणाची आहे?"

"कुणाची नाही. गेमची आहे."

"मग घर कोणाचं आहे?"

"असंल त्या बाहेरच्या म्हाताऱ्याचं."

"त्याला विचारून घेते," म्हणून मी बाहेर गेले. म्हाताऱ्यासमोर उभी राहून तिने सांगितलेलं बटण दाबलं. तो म्हणाला, यंदा थंडी लवकर आली. परत दाबलं. यंदा थंडी लवकर आली. पाच वेळा विचारलं, त्याने हो काही म्हटलं नाही. मी तलवार तशीच ठेवून पुढे निघाले.

ती हसून हसून पलंगावर आडवी झाली. तिला वाटलं मी गंमत करते आहे. पण माझ्या हातूनच होईना. आमच्या कंपनीत पासशिवाय स्क्रूसुद्धा गेटबाहेर जात नसे. एकदा दिवाळीला लोणच्याची माझी स्वतःची रिकामी बरणी घेऊन निघाले, तर गेटवरच्या गार्डने मला परत पाठवलं. मी वर जाऊन स्वतःलाच पास लिहून दिला आणि मग घरी आले. हे तिला सांगितलं.

"मला काय सांगता काकू," ती उठून बसत म्हणाली. "रोज बॅग उघडून दाखवून येते मी. डबासुद्धा उघडायला लावतेत. म्हणून तर इथं समदं घेते!"

चहा पिताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तुझा आठवडा मला तोंडपाठ आहे. शाळा, पोहणं, गणिताचा क्लास, पियानो, आणि प्रत्येक ठिकाणी दारात कोणीतरी घड्याळ बघत उभं. कोणी थांबवत नाही, असं तू म्हणालास तेव्हा मला तो उनाडपणा वाटला होता.

त्या दुपारी आणि पुढच्या गुरुवारी मिळून मी त्या जगात साडेतीन तास फिरले, हातात फक्त एक काठी घेऊन. दुसऱ्या गुरुवारी ओढ्यापलीकडे लांडग्याने मला खाल्लं. त्याआधी मात्र मी एका टेकडीवर चढले होते. तिथून ती झोपडी दिसत होती, आणि म्हाताराही, ठिपक्याएवढा, थंडीबद्दल बोलत असावा. मी बराच वेळ तिथे उभी होते. शेजारीण म्हणाली, "काकू, इथं काहीच मिळत नसतंय." मी म्हटलं, असू दे.

घरी येऊन पहिल्या रविवारच्या हिशोबाच्याच पानावर नोट लिहायला बसले. गरज आहे का, आहे. नमुना पाहिला, चांगला आहे. पुढे लिहायला गेले तर पानाच्या वरच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात आधीच लिहिलेलं होतं: नको. ते मी पहिल्या रविवारीच लिहिलं होतं, शंभर तास ऐकल्यावर. त्याखाली कारणं म्हणून डोळे आणि अभ्यास लिहिले होते. तुझे डोळे उत्तम आहेत आणि अभ्यासाची काळजी करायला तुझी आई पुरेशी आहे.

आमच्याकडे नियम होता. ज्या खरेदीत आपला स्वतःचा नफा-तोटा आहे, तिच्यावर आपण सही करायची नाही. माझ्या दिरांच्या दुकानाचं दरपत्रक आलं होतं तेव्हा मी फाइल शेजारच्या टेबलावर सरकवली होती. ती सरकवताना मला काही वाटलं नव्हतं. ही सरकवताना वाटलं.

रविवारी तुला सांगितलं, "मी यावर सही करू शकत नाही."

"का? आवडला नाही?"

"आवडला. लांडग्याने खाल्लं, तरी आवडला."

"आजीला लांडग्याने खाल्लं?" धाकटी कुठूनशी धावत पडद्यात आली आणि पूर्ण पडदा तिच्या नाकाने भरला.

"मग का नाही?" तू तिच्या मागून विचारलंस.

"शंभर तास म्हणजे आपले दोन वर्षांचे रविवार. मला नाही म्हणायचं आहे ते त्यासाठी. त्यात गेमचा दोष नाही, ते माझं कारण आहे. म्हणून मी ठरवायचं नाही. आईला ठरवू दे."

मला वाटलं, आता ठीक म्हणशील. तू म्हणालास, "पण तुझ्याकडे तलवार नव्हती का?"

मग ती झोपडी, तो म्हातारा, ती बरणी, सगळं सांगावं लागलं. तू मध्येमध्ये प्रश्न विचारत होतास, अडखळत, पण मराठीत, आणि तीन शब्दांपेक्षा पुष्कळ जास्त. शेवटी आईने फोन घेतला. "आई, तुला नाही म्हणायला सांगितलं होतं."

"मी हो म्हटलेलं नाही," मी म्हटलं.

वाढदिवसाला तिने गेम घेतला. तो निर्णय तिचा.

आता खरं तेच लिहायचं तर काही रविवार गेले. कधी दहा मिनिटांत "आजी, मला जायचंय" होतं. एका रविवारी फोनच आला नाही, आणि मी जेवण गरम करून परत झाकून ठेवलं. पण बाकीच्या रविवारी तू फोन टीव्हीकडे तोंड करून उभा करतोस आणि मी डावीकडे, उजवीकडे सांगते. तू दिसेल ते उचलतोस. "आजी, हे पण घेतलं." मी विचारते, पास? तू हसतोस आणि पुढे जातोस.

गेल्या महिन्यात तू एका झोपडीत शिरलास. भिंतीला तलवार होती, तुझ्याकडच्या सगळ्यांपेक्षा चांगली, असं तूच म्हणालास. आणि उचलली नाहीस.

"आजी, पास दे ना."

"कशासाठी पाहिजे?"

"पुढे लांडगे आहेत. तुला खाल्लं ना, तेच."

"परत कधी आणणार?"

"लांडगे झाले की लगेच. इथेच आणून ठेवतो."

मी कपाटातून कोरा कागद काढला आणि कॅमेऱ्यासमोर तुला पास लिहून दिला. परत येणाऱ्या मालाचा पास वेगळा असतो. माल आत आल्याशिवाय तो बंद करता येत नाही. तलवार एक, नेणाऱ्याचं नाव, कारण लांडगे. खाली सही केली, कारण ही सही मला करता येत होती.

लांडगे त्याच दिवशी संपले. तलवार अजून परत आलेली नाही. मी दर रविवारी विचारते, आणि तू म्हणतोस, "पुढच्या रविवारी नक्की."