छापअण्णा आणि मामांची विलायती रायफल

जुनी रायफल असलेल्या घरात गेले की छापअण्णा आधी तिला नमस्कार करायचे, माणसांना नंतर. पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात जन्मभर सुटे भाग तपासून निवृत्त झालेला हा सहा फुटी माणूस जुनी रायफल दिसली की खुदुखुदु हसायला लागायचा. ती कुठल्या कारखान्यातली, पॉलिश मूळचं की मागाहून चढवलेलं, हे ते धातूवरच्या ठशांवरून सांगत. म्हणून तर छापअण्णा.

मल्लेश्वरमला माझ्या मामांकडे आजोबांची परवान्याची रायफल होती. ती खास इंग्लंडहून मागवलेली, असं मामा दूधवाल्यालासुद्धा सांगत. एका प्रदर्शनात ती मांडायचं ठरलं, पाटीही रंगवून झाली आणि निव्वळ शिक्कामोर्तब करायला मामांनी अण्णांना बोलावलं.

अण्णांनी रायफल रिकामी असल्याची खात्री केली, ती खिडकीपाशी नेली आणि नळीवरच्या ठशावरून अंगठ्याचं नख फिरवलं. मग आपल्या कानडीमिश्रित मराठीत मला म्हणाले, "स्वल्प, थोडं नख लावून बघ. कारखान्याच्या ठशाला धार असते." मला अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या नावासारखी लागली. कुणीतरी नळी घासून नवं निळं पॉलिश चढवलं होतं आणि विलायती वाटावी म्हणून वर हातानं मुकुट कोरला होता. मामा मटकन खुर्चीत बसले.

अण्णांनी नळीखालचं लाकूड सोडवलं. आत, जिथं घासणाऱ्याचा हात पोचलाच नव्हता, तिथं जुनी काळपट निळाई शाबूत होती आणि तिच्यावर तांदळाच्या दाण्याएवढा ठसा होता. भिंगातून तो पाहताच अण्णा टुणकन उडाले आणि पंख्याला धडकता धडकता वाचले. "मामा, ही आपल्याच देशातली. विलायतेची असती तर मला एवढा आनंद झाला नसता."

मामांना मात्र तो झाला नव्हता. आठ दिवस त्यांनी अण्णांचं नावही काढलं नाही. नवव्या दिवशी त्यांनी स्वतःच पाटी बदलली आणि प्रदर्शनात येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून तो देशी ठसा अशा थाटात समजावला, की जणू तो त्यांनीच मारला होता. अण्णा शेजारी उभे राहून रुमालात तोंड खुपसून हसत होते.

पुढे चार वर्षं ठसे वाचायला शिकत मी अण्णांच्या मागे मागे हिंडले. मग ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, लेकीकडे महादेवपुराला राहायला गेले. मधल्या ट्रॅफिकमुळे ते परदेशी गेल्यासारखंच झालं. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा एकटीनं एक रायफल ओळखली आणि अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात चक्क गिरकी घेतली. लगेच फोन करून अण्णांना सगळं सांगितलं. त्यांनी पडताळणीचा एकही प्रश्न विचारला नाही.

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले. "आता चुकायचं तेही तुझं तू चूक."