हात ठेवला की ट्राम वळते

शाळेत मी शेवटचा तास घेत होते तेव्हा दिघोरीहून मामीचा फोन आला. मामी एरवी फोनवर आधी माझं जेवण विचारते, मग मुलांचं, मग आमच्या लाखनीतल्या भाजीचे भाव. त्या दिवशी तिने काहीच विचारलं नाही. "तुझे मामा गेले," एवढंच म्हणाली. मी वर्गाबाहेर आले. "जेवून आडवे झाले होते. चहाले उठवाले गेली, तं..."

मी पोचले तेव्हा श्रावणमामाला ओसरीत ठेवलेलं होतं. उशाशी हरिपददादा बसले होते. हरिपददादा म्हणजे मामीचे थोरले भाऊ, कोलकात्याचे, वयाने मामाहून मोठे. डाव्या हातात दुपट्टा धरून ते मामाच्या तोंडावरच्या माश्या वारत होते. उजवा हात त्यांनी नेहमीसारखा मांडीखाली दाबून ठेवला होता. त्या हाताला अंगठा सोडला तर बोटं नाहीत. दिघोरीतल्या नव्या पोरांना हे दोघं सख्खे भाऊ वाटायचे. एक काळासावळा, धानाच्या बांधावरचा माणूस, दुसरा गोरा, सडपातळ, पण बोलणं दोघांचंही अर्धं बंगाली, अर्धं आमच्या झाडीपट्टीतलं. मामा गेला त्याला आता काही आठवडे झाले. त्याच्याविषयी लिहायचं तर मला त्या बोटांविषयीच लिहावं लागतं, दुसरीकडून कुठून सुरुवातच करता येत नाही.

मामा तरुणपणी कोलकात्याला गेला. गावातलं कुणीतरी हावड्याला रेल्वेत होतं, त्याच्या ओळखीवर भंडारा रोडला गाडीत बसला आणि थेट तिकडे उतरला. आधी ट्रामचा कंडक्टर झाला, नंतर ड्रायव्हर. उन्हाळ्यात सुट्टीवर यायचा तेव्हा आम्ही भाचरं त्याच्याभोवती कोंडाळं करून बसायचो. आमच्यापैकी कुणीही ट्राम पाहिलेली नव्हती. रस्त्याच्या मधोमध, रिक्षा, बस आणि माणसांतून रुळांवर चालणारी गाडी, एवढं तो सांगायचा आणि आम्ही थक्क व्हायचो. मी एकदा विचारलं, "मामा, वळवताना स्टिअरिंग किती फिरवावं लागते?" तो हसला. म्हणाला, "ट्रामले स्टिअरिंगच नसते पोरी. रूळ नेतीन तिकडे जाते."

मग त्याने अंगणात कोळशाने रेघा ओढल्या. एक रूळ सरळ, एक फुटून डावीकडे. जिथे फाटा फुटतो तिथे लोखंडाची एक पाती असते, जिभेसारखी. त्याला ते पॉइंट म्हणायचे. पाती इकडे सरकली तर ट्राम सरळ, तिकडे सरकली तर वळण. फार जुन्या काळी ड्रायव्हर गाडी थांबवून खाली उतरायचा, रुळाच्या खाचेत सब्बल, म्हणजे पहार, घालून पाती सरकवायचा आणि परत वर चढायचा. मोठ्या नाक्यावर त्यासाठी वेगळा माणूस उभा असायचा. पण काही नाक्यांवर विजेचा पॉइंट होता. तिथे उतरायचं काम नाही, थांबायचं काम नाही. फाट्याच्या अलीकडे वरच्या तारेला एक डबी बसवलेली असायची. ट्रामच्या टपावरचा, तारेला टेकलेला दांडा त्या डबीखालून जाताना ड्रायव्हरचा हात हॅन्डलवर असला, गाडी वीज ओढत असली, की पुढे जमिनीतली पाती आपोआप सरकायची आणि गाडी वळायची. हॅन्डल शून्यावर आणून गाडी नुसती वाहू दिली, तर पाती हलायची नाही, गाडी सरळ. "हात ठेवला की ट्राम वळते, हात काढला की सरळ जाते," मामा म्हणाला. चालत्या गाडीतून, दुरूनच, जमिनीतलं लोखंड हलवता येतं, याचं आम्हाला फार नवल वाटलं होतं. माझ्या भावाने विचारलं, "आणि चुकून हात राहिला तं?" मामाने पायाने रेघा पुसल्या. आईने आतून हाक मारली आणि आम्हाला जेवायला बसवलं.

मामाने रेघा का पुसल्या, हे आईने मला बऱ्याच वर्षांनी सांगितलं.

मामा नवा ड्रायव्हर होता तेव्हाची गोष्ट. त्याच्या रोजच्या मार्गावर असा एक विजेचा पॉइंट होता, पण तो बिघडून पडलेला होता. दुरुस्ती होईपर्यंत तिथे पॉइंटवर हरिपददादांची नेमणूक झाली होती. ट्राम आली की सब्बल घालून पाती सरकवायची, मधल्या वेळात खाचेतला चिखल, खडे, केळीची सालं काढत राहायची. मामाची आणि त्यांची ओळख होती ती येता जाता मान हलवण्याइतकी. त्या सकाळी मामाला सरळ जायचं होतं. दादांनी दुरून हात करून ये म्हटलं. ट्राम वाहत येत होती, जरा मंदावली, म्हणून मामाने हॅन्डल ओढलं. तारेवरची डबी डोक्यावर आली होती हे त्याला दिसत होतं. पण ती बंद आहे असं सगळेच धरून चालले होते. दादा तेवढ्यात एक राहिलेला खडा काढायला पुन्हा वाकले. पाती हलली.

मामाने ब्रेक मारला, गाडी दादांच्या अलीकडे थांबली, पण हात पातीत सापडला होता. आई म्हणाली की तिने मामाला एकदा विचारलं होतं, घाई होती का रे काही? तो म्हणाला, नाही. कसलीच घाई नव्हती. ट्राम मंदावली म्हणून हात गेला, बस.

चौकशी बसली. मामाने पहिल्याच दिवशी उभं राहून सांगितलं की सरळ जायचं असताना डबीखाली वीज ओढायची नाही हा नियम मला ठाऊक होता, हात माझा होता. ड्रायव्हरनेच कबूल केल्यावर पुढे कुणाला काही विचारलं गेलं नाही. त्याला काही महिने घरी बसवलं, मग परत घेतलं. दादांना डेपोच्या फाटकावर बसायचं काम मिळालं.

त्यानंतर दर रविवारी मामा दादांच्या घरी जायला लागला. एका गल्लीतली वरची खोली, तिथे दादा आणि त्यांची धाकटी बहीण शेफाली राहायचे. आई-वडील नव्हते. शेफाली दार उघडायची आणि आत निघून जायची. तिने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. मामा दादांपाशी जमिनीवर बसून राहायचा. दादांचं जेवण वाढलं जायचं, मासा आणि भात. डाव्या हाताने जेवणं दादांना पटायचं नाही आणि उजव्या हातात फक्त अंगठा... काटे काढता यायचे नाहीत. ते मासा ताटाच्या कडेला सारून डाळभातच खायचे. एका रविवारी मामाने ताट आपल्याकडे ओढलं, मासा मोडला, एकेक काटा काढला आणि ताट परत सरकवलं. आमच्या तलावांच्या मुलखातल्या माणसाला माशाचे काटे काढायला कुणी शिकवावं लागत नाही. दादा जेवले. पुढच्या रविवारीही तसंच. असं किती रविवार चाललं कुणास ठाऊक, पण एक दिवस शेफालीने दोन ताटं आणून ठेवली.

शेफाली आमची मामी झाली, पण त्या लग्नाला आमच्याकडून एकटी माझी आई गेली. आजोबांनी बराच काळ मामाचं नावही घेतलं नाही. मामा-मामीला मूल झालं नाही. दादांनी लग्न केलं नाही, ते यांच्याचपाशी राहिले. मामा निवृत्त झाला तोवर ट्रामचे मार्ग एकामागून एक बंद व्हायला लागले होते. तिघंही दिघोरीला आले. वाट्याच्या तुकड्यावर मामाने दोन खोल्या आणि ओसरी बांधली, थोडा धान लावायला लागला. मामी वर्षभरात गावातल्या बायांसारखी बोलायला लागली. गावाने आधी या दोघा बंगाल्यांकडे टक लावून पाहिलं, मग सवय झाली. मी जायचे तेव्हा ओसरीत तेच चित्र असायचं, दादांचं ताट मामापुढे, आणि मामा चष्मा नाकावर आणून काटे काढतोय.

मामा कधी रागावलेला मी पाहिला नव्हता. म्हणून शेवटची भेट मला तेव्हा उमगलीच नाही. जाण्याच्या काही आठवडे आधी मी सहज गेले होते. घरात तो नव्हता. मामी चुलीपाशी बसली होती, दादा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. मामी म्हणाली, "तलावाच्या पारीवर बसले असतीन. सकाळपासून तेथंच हायेत." मी तलावाच्या बांधावर, त्या पारीवर गेले. मामा पाण्याकडे पाहत उकिडवा बसला होता. मी बाजूला बसले. तो म्हणाला, "मंग मी इतके वर्षं काय केलो?"

"काय झालं मामा?"

"काही नाही. तू जाय, गाडी भेटणार नाही तुले."

मला वाटलं, वय झालं, माणूस असं बोलतो. मी त्याला तिथेच सोडून बसस्टँडवर गेले.

त्याचा अर्थ मला तेरवीनंतर कळला. पाहुणे गेल्यावर दादांनी मला ओसरीत बोलावलं. माझ्याशी मात्र ते हिंदीत बोलतात, थांबत थांबत. म्हणाले, टीव्हीवर कोलकात्याची बातमी दाखवत होते. रूळ डांबराखाली बुजवताहेत. त्यात त्यांचा तो नाका दिसला. पॉइंटवरून रोलर फिरत होता. ते पाहून त्यांना वाटलं, आता ती जागाच राहिली नाही, मग पोटात ठेवायचं कशाला. आणि त्यांनी मामाला सांगून टाकलं.

त्या दिवशी सकाळी मेकॅनिक येऊन पॉइंट दुरुस्त करून गेला होता. जाताना दादांना बजावून गेला होता की वीज जोडली आहे, खाचेत हात घालू नको, येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला थांबवून सांग. दादांनी कुणालाच सांगितलं नाही. विजेचा पॉइंट चालू झाला की तिथे माणूस कशाला लागतो? त्यांची ती जागा गेली असती. दोन-चार दिवस कुणाला कळलं नाही तर तेवढंच बरं, असं त्यांना वाटलं. आणि रोजच्या सवयीने हात खाचेत गेला. चौकशीत मामा उभा राहिला तेव्हा ते बोलणार होते. "नहीं बोल पाया," दादा म्हणाले. पुढे मामा रविवारी यायला लागला. मग तर बोलणं अशक्यच झालं.

"मुझे लगा, सुनके हल्का हो जाएगा," दादा म्हणाले. आपली चूक नव्हती हे कळलं की माणूस सुटेल, असं त्यांना खरंच वाटलं होतं. मामा सुटला नाही. तो उठून पारीवर गेला आणि कितीतरी दिवस दादांपाशी येऊन बसला नाही. दादांचं ताट तसंच पडून राहायचं. मग एका दुपारी येऊन बसला, ताट ओढलं, काटे काढले. पण बोलला नाही. नंतरही नाही. आणि थोड्याच दिवसांत तो चहाला उठला नाही.

मी आत मामीकडे गेले. तिने सगळं ऐकलेलं होतं. पदराने हात पुसत म्हणाली, "मले बी त्याच दिवशी समजलं. एवढे वर्षं मले बी नाही सांगतले दादानं." मग म्हणाली, "मी त्यायले एकच गोष्ट इचारली. माहीत असतं तं तुमी आमच्या घरी आले असते का?"

"काय म्हणाले मामा?"

"काहीच नाही. माह्याकडे पाहत राहिले." ती भांड्यांकडे वळली. "आता कोणाले इचारू..."

मला वाटतं, मामालाही उत्तर माहीत नव्हतं. आपला अपराध आहे म्हणून तो त्या खोलीचा जिना चढला होता, आणि त्याच जिन्यावर त्याला बायको मिळाली, भाऊ मिळाला, घर मिळालं. अपराध काढून घेतला तर बाकीचं कशावर उभं राहायचं, हे त्याला त्या वयात नव्याने शोधायचं होतं. तेवढे दिवस त्याच्यापाशी नव्हते.

परवा मी पुन्हा दिघोरीला गेले. दादा ओसरीत होते, खूप खंगले आहेत. टाकीत पाणी नव्हतं म्हणून मामी मोटार लावायला परसदारी गेली. मोटारीचं बटण तिथे भिंतीवर आहे. मामा कुठलंही बटण दाबायच्या आधी मोठ्याने सांगायचा. मोटार असो, मिक्सर असो, साधा दिवा असो, "चालू करून राहिलो" असं म्हणून तो थांबायचा, आणि घरातून कुणीतरी "हो" म्हटल्याशिवाय बटणाला बोट लावायचा नाही. आम्ही भाचरं त्याची नक्कल करून हसायचो. मामीने बटणापाशी हात नेला आणि थांबली. रिकाम्या परसाकडे पाहून म्हणाली, "चालू करून राहिलो." हे वाक्य ती मामाकडूनच शिकली, म्हणून ते ती पुरुषासारखंच म्हणते.

मामी तशीच उभी राहिली, बोट बटणापासून दूर धरून. मी हो म्हणणार होते, पण मला वाटलं, ते मी म्हणायचं नाही.

बऱ्याच वेळाने ओसरीतून दादांचा बारीक आवाज आला, "हो."

मग मामीने बटण दाबलं.