नखं काढलेली मांजर

दुबळ्यांचं रक्षण हे कायद्याचं पहिलं कर्तव्य. फक्त दुबळं कोणाला म्हणायचं, हे ठरेपर्यंत बरीच वर्षं जातात.

शेजारच्या सुमनताईंचा मुलगा परदेशातून कायमचा परतला, तो मांजर घेऊन. तिची नखं तिकडेच काढलेली. म्हणजे बोटांची शेवटची पेरंच कापतात, हे मला त्याच्याकडून कळलं.

"आता तिकडे त्यावर कायद्याने बंदी आणतायत, काका. मोठा वाद चाललाय. मालकाचीही बाजू असतेच ना!"

"आणि हिची रे?" सुमनताई म्हणाल्या. तो मोबाइल बघू लागला.

तेवढ्यात गल्लीतला बोका गॅलरीत शिरला. मांजरीने फिस्कारून त्याच्या तोंडावर पंजा मारला. बोका दचकला, थांबला. तिने पुन्हा मारला. मग मात्र तो निवांतपणे तिच्या वाटीतलं दूध पिऊ लागला. ती कोपऱ्यात सरकून पंजा चाटत बसली. हत्यार काढून घेता येतं. ते उगारायची सवय काढणारा डॉक्टर अजून निघालेला नाही.

"नखं काढलीस तरी कशाला?" मी विचारलं.

"सोफा ओरबाडायची. अस्सल चामड्याचा होता."

इकडे येताना तो सोफा त्याने तिथेच कुणाला तरी देऊन टाकला.