पुढे ढकललेला शनिवार

आमच्या ऑफिसातल्या ताईंच्या धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यांच्याशिवाय पार पडलं. वडील नाहीत, म्हणून वडिलांच्या पाटावर ताईंनीच बसायचं, असं त्यांच्या घरात ठरलं होतं. तिथं काका बसले. त्या वेळी ताई ऑफिसात माझ्या शेजारच्या खुर्चीवर होत्या, आणि तो कामाचा शनिवार मी भांडून आणलेला होता.

आमचं ऑफिस नागपुरात आणि ग्राहक समुद्रापलीकडे. त्या देशात हवेतल्या लहरींचा एक पट्टा सामायिक ठेवलेला आहे. कुणाला आपल्या कारखान्यापुरतं, गोदामापुरतं स्वतःचं वायरलेस नेटवर्क उभारायचं असेल, तर त्यानं आपला टॉवर नोंदवायचा आणि तो पट्टा वापरायचा. ती नोंदणीची यंत्रणा आम्ही सांभाळतो. प्रत्येक टॉवर दिवसभर थोड्या थोड्या वेळानं यंत्रणेला विचारत असतो, 'बोलू का?' यंत्रणा म्हणते, 'बोल.' उत्तर आलं नाही तर टॉवरनं गप्प बसायचं, असा तिथला नियम. यंत्रणेची दुरुस्ती करायची तर ती काही तास बंद करावी लागते, आणि तेवढा वेळ सगळेच गप्प होतात. म्हणून ती वेळ फार आधी ठरवायची आणि फार आधी कळवायची. आम्ही तिला डाउनटाइम म्हणतो.

मला हे काम आवडलं ते 'सामायिक' या शब्दापायी. मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. नंदनवनच्या आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा कोराडीच्या वीजकेंद्रातली ड्यूटी करून येताना वाट वाकडी करून इतवारीतल्या छापखान्यातून गठ्ठे आणायचे आणि आम्ही भावंडं जेवणाआधी त्यांच्या घड्या घालायचो. पाणी कुणाच्या बापाचं नाही, हे वाक्य मी अक्षरं जुळवत वाचलेलं पहिलं मोठं वाक्य. लहरीही कुणाच्या बापाच्या नाहीत हे कळलं, तेव्हा वाटलं, घरचंच काम मिळालं.

डाउनटाइमच्या वेळी खुर्चीवर दोघं लागतात. एकानं आज्ञा मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं टाइप करायची, आणि दोघांची खात्री पटल्याशिवाय बटण दाबायचं नाही. आमच्यात हे येणाऱ्या तिघी. त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर होती. उरलो ताई आणि मी. ताई काटोलच्या पलीकडल्या एका गावच्या, संत्र्या-सोयाबीनची शेती असलेल्या घरातल्या. आमची सगळी आयुष्यं या वेळापत्रकाभोवती फिरायची. डॉक्टरकडे जायचं, पाहुणे बोलवायचे, सगळं डाउनटाइम पाहून. ताई म्हणायच्या, "लोकाईच्या पंचांगात राहुकाळ राहते, आपल्या पंचांगात हे."

त्या वर्षी दसरा शनिवारी आला. त्याला लागूनच तिकडे लांब सुट्टी होती, गोदामं बंद, वापर कमी. साहेबांनी तोच शनिवार धरला आणि नोटीसही पाठवून दिली. तिकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडची सकाळ आणि दुपार. मीटिंगमध्ये मी हरकत घेतली तेव्हा ते हसले.

"अरे, दसऱ्याला दुपारी काय काम राहते? सोनं वाटायला तर लोक शामलाच निघतात ना!"

मी उभी राहिले. "सर, तुमचा दसरा संध्याकाळी सुरू होतो. आमचा आदल्या दिवशीच रस्त्यावर आलेला असतो. माझ्या आजोबांनी छप्पन साली ज्या मैदानावर मान वर केली, तिथं अजून लोक भाकरी बांधून पायी येतात. त्यांच्यासाठी आम्ही पाणी आणि पत्रकं घेऊन उभे असतो. तिकडच्या सुट्ट्यांचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर आहे. इथं काम करणाऱ्या माणसांचं कुठं आहे? मला एकटीला रजा नको. तारीख बदला."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "भाषण संपलं असेल तर चहा सांगू का?" पण कुणी हसलं नाही. साहेबांनी हात वर केले. "ठीक आहे, बाई. पुढचा शनिवार. ताई, तुम्हाला चालते ना?"

ताई वहीच्या कोपऱ्यावर फुलं काढत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "चालते, सर."

दुसरी नोटीस गेली. दसऱ्याला मी बाबांच्या शेजारी उभी राहून पत्रकं वाटली. घसा बसला, पाय सुजले. घरी येताना वाटत होतं की जगात न्याय मागून मिळतो.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी कँटीनमध्ये ताई फोनवर बोलत होत्या. "हळदी-कुंकवाचं ताट मोठ्या मामीच्या हातात देजो. मी आली तं आली." फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कसली तयारी, ताई?"

"लहानीचं साक्षगंध हाय शनिवारी."

"याच शनिवारी?"

"मंग? डाउनटाइम पाहूनच तं तारीख धरली होती. दसऱ्याले काम, पुढचा शनिवार मोकळा. पोरगा फौजेत हाय, रविवारी सकाळीच त्याची परतीची गाडी हाय."

"मग मीटिंगमध्ये काहून नाही बोलल्या?"

त्यांनी पोह्यातला शेंगदाणा बाजूला सारला. "काय बोलू वं? तू आजोबाचं सांगून राहिली होती. त्याच्यात मी म्हणू का, माह्या बहिणीच्या साडीचोळीचं पाहा? अन् बोलली असती, तं म्हटलं असतं लोकाईनं, हिले याईचा दसरा खुपते."

मी थेट साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "नोटीस दोनदा गेली. तिसऱ्यांदा बदलली तर तिकडचे लोक आपलाच डाउनटाइम करतील. आणि तुमचंच म्हणणं ना, एकटीपुरती सवलत नको?"

बाबांना सांगितलं तेव्हा ते भाजी निवडत होते. मला वाटलं, ते माझी समजूत घालतील.

"तिले विचारलं होतं का कोणी?"

"विचारलं होतं. चालते म्हणाल्या."

"तू बोलायच्या आधी विचारलं का नंतर?"

"नंतर."

बाबांनी हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाले, "आपलं पत्रक लोक घेतेत, खिशात ठेवतेत अन् पुढं जातेत. तिथं उभं राहून उलट बोलनारा मले आजवर एखांदाच भेटला. मी समजत होतो, बाकीच्याईले पटलं."

मागणी चुकीची नव्हती, हे मी आजही म्हणेन. पुन्हा वेळ आली तर पुन्हा तीच तारीख मागेन. पण त्या खोलीत मी इतकं मोठं बोलले की दुसऱ्या कुणाच्या साध्या गोष्टीला बसायला जागा उरली नाही. ज्यांनी मला ऐकून घेतलं त्यांच्यातल्याच एका बाईचं तोंड माझ्या न्यायानं बंद केलं. ही हळहळ कोणत्या पत्रकात घालायची ते मला कळत नाही.

घरच्यांनी मार्ग काढला. साक्षगंध दुपारच्या ऐवजी संध्याकाळी ठेवलं. काम दुपारी आटोपलं की ताईंनी निघायचं, गाडी खाली तयार ठेवायची.

शनिवारी ताई काठाची हिरवी साडी नेसून आल्या. पदर कमरेला खोचून खुर्चीवर बसल्या आणि वाचायला लागल्या. मी टाइप करत गेले. कुठेही अडलं नाही. यंत्रणा वेळेत सुरू झाली आणि पडद्यावर टॉवर एकेक करत परत येऊ लागले. ताईंनी पर्स मांडीवर घेतली.

एक टॉवर आला नाही. तो एका शीतगृहाचा होता. सफरचंदांच्या पेट्या वाहणाऱ्या बिनचालकाच्या गाड्या तिथं त्या नेटवर्कवर चालतात, त्या जागच्या जागी थांबल्या होत्या. तिथला माणूस फोनवर होता. ओरडत नव्हता, फक्त पुन्हा पुन्हा विचारत होता, अजून किती वेळ.

"ताई, तुम्ही निघा. एकच तर राहिला. मी पाहते."

"अन् त्याची नोंद काढून पुन्हा चढवा लागली तं? वाचून कोण दाखवीन तुले?"

"मी एकटी करते. कोण बघतंय?"

"एकटीनं करताना दुसऱ्याचीच नोंद उडाली म्हणजे? तो एक गप्प हाय, आणखी चार गप्प बसतीन." त्यांनी पर्स टेबलाखाली ठेवली. "बस चूपचाप."

आम्ही नोंद तपासली, पुन्हा तपासली. खालून गाडीवाल्याचे फोन येत राहिले. खिडकीतलं ऊन उतरलं. शेवटी बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. मागं माणसांचा गलका, भांड्यांचा आवाज. ताईंनी मोबाइल कीबोर्डला टेकवून उभा केला.

"कुठवर आली वं तू?" बहीण विचारत होती.

"निघालीच नाही. थांबू नका आता. पावण्याईले दूर जायचं हाय. काकाले बसव पाटावर." बहिणीनं डोळे पुसले. "ए, रडू नको, काजळ पसरते. सासूबाई म्हणतीन, हे काय ध्यान. मागं सरक बरं, साडी पाहू दे पुरी... छान दिसते. जा."

फोन बंद केला आणि उपडा ठेवला. पदराच्या टोकानं चष्मा पुसला, नीट, दोन्ही काचा.

"आला का वं तो?"

"नाही, ताई."

"मंग पहिल्यापासून वाचते. टाइप कर."